मोठ्या देहाचा पैलवान : गणपतराव आंदळकर

कोल्हापूरच्या बाजारात एखादा सहा फुटी, रुंद छातीचा, मोडक्या कानांचा माणूस दिसला की लोक वाट सोडतात आणि विचारतात, "काय पैलवान, कुठली तालीम?" असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तरुण असतो तोवर सगळे त्याला ओळखतात. पण तो चाळिशीचा, पन्नाशीचा झाल्यावर काय करतो? काय खातो? घर कशावर चालवतो? हे फारसे कोणी विचारत नाही. ह्या पाठात आपण तेच पाहणार आहोत. त्यासाठी एका खऱ्या पैलवानाची हकीकत घेतली आहे. त्यांचे नाव गणपतराव आंदळकर.

सांगली जिल्ह्यात शिराळा तालुका आहे. त्या तालुक्यात पुनवत नावाचे गाव आहे. तिथे १९३५ साली गणपतरावांचा जन्म झाला. १९५० साली ते कुस्ती शिकायला कोल्हापुरास आले. म्हणजे तेव्हा त्यांचे वय किती? १९५० मधून १९३५ वजा करा. १५ वर्षे. आपल्याकडे नववी-दहावीत असतो तो पोरगा.

हे १९५० साल ध्यानात ठेवा. त्याच्या आदल्याच वर्षी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. विलीन होणे म्हणजे एकत्र मिसळून जाणे. राजांचे राज्य गेले आणि लोकांचे राज्य आले. चांगलेच झाले. पण पैलवानांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. तोवर त्यांच्या पाठीशी दरबार होता. राजर्षी शाहू महाराजांना कुस्तीचा फार नाद. दूरदूरचे मल्ल ते बोलावून घेत, त्यांना ठेवून घेत, त्यांच्या खुराकाची सोय करीत. खासबागेचे मैदान त्यांनीच बांधले. १९०२ साली महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचे जुने गोल मैदान पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली, असे सांगतात. १९१२ साली मैदान पुरे झाले. मधोमध कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक. कुठेही बसा, पुढच्याचे डोके आड येत नाही. शंभर वर्षे होऊन गेली, पण कुस्ती पाहायला याहून सोयीची जागा आम्ही तरी पाहिली नाही.

तर सांगत होतो, दरबार गेला. आता पैलवानाला दूध कोण पाजणार? उत्तर हळूहळू मिळाले. गावोगावच्या जत्रांनी काही भार उचलला. तिकीट काढून कुस्ती बघणाऱ्या लोकांनी काही उचलला. पुढे सहकारी साखर कारखाने निघाले, तेही मैदाने भरवू लागले. पण सगळ्यांत मोठा भार उचलला तो पैलवानाच्या घरच्यांनी. शेतावरची म्हैस पोराच्या नावाने बांधायची. घरातली इतर पोरे चहात थेंबभर दूध घालून पीत, आणि तालमीतल्या भावाकडे एस.टी.ने दुधाची किटली जाई. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तालमीतला दिवस कसा असतो ते थोडे सांगतो. पहाटे चारला उठायचे. जोर, बैठका, सपाट्या मारायच्या. दोर चढायचा. हौद्यातली तांबडी माती फावड्याने खणायची, हाही व्यायामच. ही माती साधी नसते, बरे का. ती चाळून घेतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असे घालून मळतात. मग ती मऊ राहते आणि अंगाला खरचटले तरी सहसा चिघळत नाही. मग लढती. लढती म्हणजे आपसातला सराव. वस्ताद ओट्यावर बसून बघतात. चुकला की ओरडतात, वेळेला काठीही उगारतात. वस्ताद म्हणजे कुस्तीचा गुरुजी. दुपारी जेवण आणि झोप. संध्याकाळी पुन्हा तेच. गणपतराव कोल्हापुरात गंगावेश तालमीत असेच घडले. दहा वर्षे त्यांनी ह्या मातीत घातली.

१९६० साली ते हिंदकेसरी झाले. पंजाबच्या खडकसिंग पैलवानाला त्यांनी हरवले. हिंदकेसरी म्हणजे हिंदुस्थानातला सिंह. सबंध देशातल्या मल्लांत जो पहिला येईल त्याला हा किताब. ह्या किताबाचे पहिले मानकरी १९५९ साली श्रीपती खंचनाळे झाले. तेही कोल्हापूरच्या तालमीतले. दुसरे आंदळकर. लागोपाठ दोन वर्षे मान कोल्हापूरला. तेव्हा गावात जी मिरवणूक निघे ती पाहण्यासारखी असे. हलगी, फेटे, गुलाल, आणि पुढे खांद्यावर गदा घेतलेला पैलवान.

आता थोडे वजनाविषयी बोलू, कारण आपला विषय मोठ्या देहाचा आहे.

आपल्या मातीतल्या कुस्तीत पूर्वी वजनकाटा नसे. जोड डोळ्याने लावत. हा गडी आणि तो गडी उभे करायचे, लोक म्हणत, "हां, जोड बरोबर आहे." वेळेचेही बंधन नसे. पाठ लागेपर्यंत, म्हणजे दोन्ही खांदे मातीला टेकेपर्यंत कुस्ती चाले. त्याला चितपट म्हणतात. जगाच्या स्पर्धेत मात्र असे चालत नाही. तिथे वजनाचे गट असतात. हलका हलक्याशी, जड जडाशी. लढायचे मातीवर नव्हे, गादीवर. मिनिटे मोजलेली आणि गुण मोजलेले. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझपदक मिळवले ते ५७ किलोच्या गटात. म्हणजे अंगाने लहानखुराच गडी. आंदळकरांचा गट सगळ्यांत वरचा, ९७ किलोच्या पुढचा. जुन्या मापाने अडीच मणांच्या वर. ह्या गटाला तेव्हा वरून हद्द नव्हती. समोर केवढाही आडदांड माणूस येऊ शकत असे. आता तशी हद्द घातली आहे. फ्रीस्टाइल कुस्तीत १२५ किलो आणि ग्रीको-रोमनमध्ये १३० किलो.

हे दोन शब्द नवे आहेत. फ्रीस्टाइल कुस्तीत पाय धरता येतो, पायाने डाव मारता येतो. ही आपल्या कुस्तीला जवळची. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेच्या खाली हात लावायचा नाही आणि पाय वापरून पाडायचे नाही. आता विचार करा. आपला पैलवान ढाक मारतो, टांग मारतो, एकलांगी भरतो. ह्या सगळ्यांत पायाचे काम आहेच. पाय बांधल्यासारखे करून लढा म्हटले तर त्याची काय गत होईल? सुताराला रंधा काढून घेऊन दार कर म्हणण्यासारखे.

१९६२ साली इंडोनेशियात जकार्ता येथे आशियाई खेळ झाले. आंदळकर दोन्ही प्रकारांत उतरले. फ्रीस्टाइलमध्ये त्यांना रुपेरी पदक मिळाले, म्हणजे दुसरा क्रमांक. आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक, पहिला क्रमांक! ज्या प्रकारात पाय चालत नाहीत तिथेच कोल्हापूरचा गडी पहिला आला. आम्हाला ह्याचे नवल वाटत आले आहे. आमची समजूत अशी की मातीत घालवलेल्या दहा वर्षांत त्यांची छाती, मान आणि कवेची पकड एवढी तयार झाली होती की पायांवाचून त्यांचे अडले नाही. ज्याने रोज सकाळी हौदा खणला आहे त्याच्या हाताची मिठी सहज सुटत नाही. त्याच जकार्त्यात सांगलीकडचे, कवठेपिरानचे मारुती माने यांनीही ९७ किलोच्या गटात फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. पुढे १९६४ साली तेही हिंदकेसरी झाले. म्हणजे वारणा-कृष्णेच्या काठच्या दोन धिप्पाड शेतकरीपुत्रांनी एकाच वेळी आशिया खंडातल्या जड गटांत नाव काढले.

१९६४ साली जपानात टोकियो येथे ऑलिंपिक झाले. आंदळकर तिथेही दोन्ही प्रकारांत लढले. पदक मिळाले नाही. त्या वर्षी कुस्तीत भारताच्या कोणालाच पदक मिळाले नाही. ग्रीको-रोमनच्या वरच्या गटात हंगेरीचा कोझ्मा नावाचा मल्ल पहिला आला. तो देहाने अजस्र आणि गादीवरच वाढलेला. आपल्या पैलवानांना मात्र गादी फार थोडी मिळे. घरी तांबडी माती आणि परदेशात गादी, असा तो मामला. मातीत पाय रुततो, म्हणून गडी सबुरीने लढतो, समोरच्याला दमवतो, अर्धा अर्धा तास झुंजतो. गादीवर पाय सटासट हलवावे लागतात, कारण घड्याळ थांबत नसते. ह्या हरण्यात कमीपणा मानणारे लोक आम्हाला भेटले आहेत. त्यांनी एकदा मातीतून उठून गादीवर उभे राहून पाहावे. सरकारने मात्र त्यांचा गौरव केला. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार आंदळकरांना मिळाला.

आता पुन्हा वजाबाकी करा. १९६४ वजा १९३५. २९ वर्षे. हिंदकेसरी, जकार्ता, टोकियो, अर्जुन पुरस्कार, सगळे ह्या २९ वर्षांत उरकले. त्यातही मोठी कामगिरी चार-पाच वर्षांतली. गणपतराव वारले ते १६ सप्टेंबर २०१८ रोजी, पुणे येथे, ८३ वर्षांचे होऊन. म्हणजे टोकियोनंतर ते आणखी ५४ वर्षे जगले. कुस्तीवर लिहिणारे लोक ह्या चोपन्न वर्षांना दोन ओळी देतात. आपण जरा जास्त देऊ.

मोठा देह हे भांडवल आहे, पण ते झिजणारे भांडवल आहे. गुडघे झिजतात. मान आखडते. कान तर आधीच गेलेले असतात. डोक्याला डोके घासून कानाच्या कुर्चेत रक्त साकळते, वेळीच काढले नाही तर ते घट्ट होते आणि कान मुडपल्यासारखा होतो. पैलवान त्याचा अभिमान बाळगतात, ते सोडा. खरा घोटाळा पोटाचा असतो. मेहनत थांबली तरी भूक थांबत नाही. रोज हजार बैठका मारणारा माणूस जे खातो तेच बसल्या जागी खाऊ लागला तर चरबी वाढते, रक्तदाब वाढतो, साखरेचा आजार जडतो. कुस्ती सोडणाऱ्याने खुराक एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने उतरवावा, तूप-बदाम आधी कमी करावेत, चालणे आणि हलका व्यायाम जन्मभर ठेवावा, असे जाणते वस्ताद सांगतात आणि डॉक्टरही तेच सांगतात.

परदेशातही हीच कथा आहे. बास्केटबॉल नावाचा खेळ तुम्ही शाळेच्या मैदानावर पाहिला असेल. उंच खांबावरच्या जाळीत चेंडू टाकायचा. त्यात सगळ्यांत उंच, जड गड्याला जाळीखाली उभे करतात. पंजाबच्या बल्लोके ह्या खेड्यातला सतनामसिंग नावाचा ७ फूट २ इंच उंचीचा मुलगा त्या खेळात अमेरिकेला गेला. २०१५ साली तिथल्या मोठ्या व्यावसायिक मंडळातल्या डॅलसच्या संघाने त्याची निवड केली. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. पण त्या मंडळाच्या मुख्य सामन्यात खेळायची पाळी त्याच्यावर एकदाही आली नाही. पुढे तो वळला कशाकडे? कुस्तीकडेच! अमेरिकेत करमणुकीच्या कुस्त्या होतात, त्यांत तो २०२२ पासून दिसू लागला. देह मोठा असला की लोक बोलावतात खरे, पण किती दिवस ठेवून घेतील ह्याचा करार कोणी देत नाही.

आमच्या साक्षरतेच्या वर्गात एक बाई येत. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा, पण अंगाने चांगला पुरुषभर. गावातले लोक म्हणू लागले, "वैनी, पोरगं तालमीत घाला, नाव काढील." त्या आम्हाला विचारू लागल्या, "गुर्जी, घालू का? घरात दोनच म्हशी हैत." आम्ही म्हणालो, "बसा, आधी हिशेब मांडू." तो हिशेब तुम्हीही मांडा.

समजा पैलवान रोज ३ लिटर दूध पितो. लिटराला ६० रुपये धरा. रोजचे १८० रुपये झाले. रोज १०० ग्रॅम बदाम, किलोला ८०० रुपये धरले तर ८० रुपये. रोज १०० ग्रॅम तूप, किलोला ७०० रुपये धरले तर ७० रुपये. तिन्ही मिळून रोजचे ३३० रुपये. महिन्याचे ९,९००. वर्षाचे, बारा महिन्यांनी गुणून, १,१८,८०० रुपये. मटण, अंडी, फळे, गहू ह्यात धरलेले नाहीत. तालमीची खोली, जाण्यायेण्याचे भाडे, दुखले-खुपले तर दवाखाना, तेही नाही. आणि हे एका वर्षाचे. आंदळकरांना हिंदकेसरी व्हायला दहा वर्षे लागली.

येणारी बाजू बघा. जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर लागतात. मग शंभर रुपये, पाचशे रुपये. हजारांच्या आणि लाखांच्या कुस्त्या थोड्यांच्या वाट्याला. एका तालमीत पन्नास पोरे असली तर किताब मिळवणारा एखादाच निघतो, कधी तोही नाही. बाई हिशेब बघून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे नको म्हणता?" आम्ही नको म्हटले नाही. पोराला शाळेतून काढू नका, एवढे मात्र बजावून सांगितले. सकाळी तालीम आणि दुपारी शाळा, हे जमते. पैलवान मंडळी पोलिसात, रेल्वेत, सैन्यात नोकरीला लागतात, खेळाडूंसाठी तिथे जागाही असतात, पण दहावी-बारावीचा दाखला त्यांनाही लागतोच. खाशाबा जाधव १९५५ साली पोलिसात फौजदार म्हणून लागले. ऑलिंपिकचे पदक गाठीला होते, पण सोबत कॉलेजचे शिक्षणही होते.

वाचता येण्याची गरज पैलवानाला दुसरीकडेही पडते. ओळखीचा एक तरुण मल्ल एकदा आमच्याकडे कागद घेऊन आला. एका गावच्या जत्रेत त्याची कुस्ती लागली होती. गावाचे नाव इथे देत नाही. तोंडी सांगितलेले इनाम एक आणि कागदावर लिहिलेले निम्मे. खाली ह्याचा अंगठा. कुस्ती त्याने जिंकली, पण पैसे कागदाप्रमाणे मिळाले. तक्रार करणार कशी? अंगठा त्याचाच. दोन मणांचा गडी आमच्या ओसरीवर बसून पोरासारखा रडला. नंतर तो आमच्याच वर्गाला येऊन सही आणि आकडे शिकला, आणि आता इनामाचा आकडा वाचल्याशिवाय कागदाला हात लावत नाही.

गणपतरावांकडे वळू. त्यांनी आपला देह झिजण्याआधीच आपली विद्या दुसऱ्याच्या अंगात घालायला घेतली. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते वस्ताद झाले. वस्तादाला मोठे इनाम नसते, मिरवणूक नसते. पहाटे चारला पोरांच्या आधी उठायचे असते. कोणाच्या गुडघ्याला काय झाले, कोणाच्या घरून दूध आले नाही, कोण सिनेमाला पळाला, सगळे बघायचे. जड अंगाच्या पोराला शिकवणे तर फार नाजूक काम. तो आपल्या वजनावर विसंबून राहतो. समोरचा हलका असला की अंगावर पडून जिंकतो, आणि मग डाव शिकायचा कंटाळा करतो. त्याला पाय हलवायला लावणे, दम वाढवायला लावणे, खाली गेला तर उठायला शिकवणे, हे ज्याला जमले तो वस्ताद. आणि जड माणसाला हे जड माणूसच नीट शिकवू शकतो, असे आमचे मत आहे.

त्यांच्या हाताखाली जे तयार झाले त्यांत दादू चौगुले यांचे नाव मोठे. ते १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले. १९७४ साली न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे राष्ट्रकुलाचे खेळ झाले. तिथे सगळ्यांत वरच्या वजनाच्या गटात त्यांनी रुपेरी पदक मिळवले. म्हणजे गुरू जकार्त्याला ज्या मोठ्या गटात लढले, त्याच मोठ्या गटात बारा वर्षांनी चेला दुसऱ्या खंडात जाऊन लढला. दादूंनाही पुढे २०१८ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला. गुरू गेले तेही त्याच वर्षी. दादू २०१९ साली वारले. त्यांचा मुलगा विनोद चौगुले हाही महाराष्ट्र केसरी झालेला आहे.

मोतीबाग तालीम भवानी मंडपाच्या परिसरात आहे. अंबाबाईच्या दर्शनाला गेलात तर तिथून चालत जाता येते. पहाटे गेलात तर मेहनत चाललेली दिसेल. आत शिरताना चपला बाहेर काढाव्यात आणि हौद्याच्या मातीला हात लावून तो कपाळी न्यावा, अशी तिथली रीत आहे. मोठ्याने बोलू नये. वस्तादांना विचारले तर ते सगळे सांगतात.

वर्गात बोलण्यासाठी : संस्थान विलीन झाल्यावर पैलवानांचा खर्च कोणी कोणी उचलला? ग्रीको-रोमन कुस्तीत कोणती गोष्ट चालत नाही? तुमच्या भागात दूध, बदाम, तूप काय भावाने मिळते? तो भाव घालून वरचा हिशेब वहीत पुन्हा मांडा. तुमच्या गावात पूर्वी कुस्ती करणारा कोणी वयस्क माणूस असेल तर त्यांच्याकडे जा. त्यांनी कुस्ती सोडल्यावर काय काम केले ते विचारा आणि पाच ओळी लिहून आणा.